घरात कोणी नाही

आमच्या घरात एक नियम आहे. ऑक्टोबरच्या शेवटी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतल्याशिवाय हीटिंग लावायचं नाही. त्याआधी थंडी वाजली तर अंगात कार्डिगन घालायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हॅलिफॅक्सच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसाने थंडीची तक्रार करणं म्हणजे मासळीवालीने वासाची तक्रार करण्यासारखं आहे, असं माझी सासू म्हणायची. बाई खाष्ट होती, पण हे बरोबर बोलायची.

ह्या वर्षी आमची मुलगी हीदर शाळांच्या सुट्टीत ब्रिस्टलहून आली ती गाडीत खोकी भरूनच. म्हणाली, "आई, आता हीटिंग स्वतःचं स्वतः चालणार. तुम्ही दोघं काही करायचं नाही."

"काही करायचं नाही म्हणजे मी काय करू मग?" मी म्हटलं.

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक चकती होती. उजवीकडे फिरवली की टक्, खाली बॉयलर सुरू. डावीकडे फिरवली की टक्, बंद. सदतीस वर्षं माझं आणि तिचं छान चाललं होतं. ती काढली. तिच्या जागी काळ्या काचेचं एक गोल आलं आणि प्रत्येक रेडिएटरच्या बुडाला आकडे दाखवणारं पांढरं बोंड बसलं. बसवलं इम्तियाझने. गेली बारा वर्षं तोच आमचा बॉयलर बघतो. चाळिशीचा आहे, स्वतःची गाडी घेऊन फिरतो, आणि काम झाल्यावर जमीन पुसून जातो. असा माणूस दुसरा दाखवा.

हीदर म्हणाली, "आई, तुझा फोन दे. ह्याला जोडते."

माझा फोन ड्रॉवरमध्ये टॉर्चशेजारी असतो. अडीअडचणीला लागतो म्हणून. त्याला बटणं आहेत. हीदरने तो बघितला, परत ठेवला, आणि सगळं तिच्या बापाच्या फोनला जोडून दिलं. "कशाला हात लावू नका, त्याचं ते शिकतं," असं बजावून गेली.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका रविवारी ट्रेव्हर पावणेदहाला बँडच्या तालमीला निघाला. माझा नवरा युफोनियम वाजवतो. मांडीवर तान्हं मूल घेतल्यासारखं धरायचं ते पितळी धूड. सेहेचाळीस वर्षं रविवारी सकाळी आणि मंगळवारी संध्याकाळी तालीम. बँडची खोली आमच्या गल्लीच्या तळाशी, चॅपलच्या मागे. मोजून दोनशे पावलं. पण हल्ली साहेब गाडीने जायला लागले होते. पाठ धरते, वाद्याची केस जड लागते म्हणे. दोनशे पावलांसाठी गाडी काढणारा माणूस आमच्या काटकसरी यॉर्कशरमध्ये जन्मलाच कसा, असं मी त्याला ऐकवलंही होतं.

तो गेला आणि मी ओव्हनमध्ये मांस सरकवलं, मांसाबरोबर खायच्या पुडिंगचं पीठ भिजवून झाकलं, आणि पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसले. साडेदहाला माझी बोटं गार पडली. उठून आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा रेडिएटरला हात लावला. गार. हॉलमधला गार. वर गेले, तिथला पण गार. म्हटलं झालं, बंद पडलं नवं खेळणं. कार्डिगनवर कोट चढवून स्वयंपाकघरात ओव्हनपाशी जाऊन बसले.

बारा वाजून पाच मिनिटांनी ट्रेव्हर आला. दारातच म्हणाला, "कोट का घातलायस?"

"बॉयलर बंद पडलाय."

त्याने रेडिएटरला हात लावला आणि झटकन काढला. "अगं, चटका बसतोय."

मी लावून बघितला. खरंच तापला होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मग आम्ही जेवलो.

मंगळवारी संध्याकाळी तेच. तो गेला, अर्ध्या तासाने घर गार. तो यायच्या जरा आधी घर ऊबदार. पुढच्या रविवारी पुन्हा. हीदरला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "तू काही दाबलंस का?" आमच्या घरात काहीही बिघडलं की ते मीच दाबलेलं असतं.

"मी हातसुद्धा लावला नाही."

"मग असं कसं होईल, आई? बाबा तर म्हणतात घर छान ऊबदार असतं."

आता मी पुरावा गोळा करायचा ठरवलं. लोण्याची बशी पुढच्या खोलीतल्या रेडिएटरच्या वरच्या फळीवर ठेवली. ट्रेव्हर आला तेव्हा त्याच्या नाकासमोर धरली. "बघ. दगड झालाय. खोली गरम असती तर पातळ नसतं झालं?"

"लोणी घट्टच असतं, ऑड," तो म्हणाला. ऑड्रीचं तो ऑड करतो. मोठ्या मायेने म्हणाला. त्याच्या त्या मायेनेच मी धसकले.

कारण माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. तिला भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. नसलेल्या खिडक्या बंद करायला सांगायची. शेवटची चार वर्षं ती आमच्या मागच्या खोलीत होती आणि आम्ही सगळे तिच्याशी असंच मायेने बोलायचो. तिच्याविषयी जे काही ठरवायचं ते जिन्यात उभं राहून, हळू आवाजात ठरवायचो.

त्या आठवड्यात ट्रेव्हर बागेत जाऊन हीदरशी फोनवर बोलताना मला दिसला. पावसात, टोपी न घालता. आत आल्यावर म्हणाला, "आपण एकदा डॉक्टरकडे जाऊन यायचं का? सहज."

"सहज कोणी डॉक्टरकडे जात नाही," मी म्हटलं आणि बटाटे सोलत राहिले. मला राग आला होता आणि भीती वाटत होती, आणि दोन्हींतलं जास्त काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी मनातल्या मनात शेजाऱ्यांच्या नातवंडांची नावं म्हणून बघितली. सगळी आली. एका मुलीचं अडकलं, मग तेही आलं. तेवढ्यावर कसला विश्वास ठेवायचा, कळेना.

शेवटी मी गुपचूप इम्तियाझला बोलावलं. शुक्रवारी, कारण शुक्रवारी ट्रेव्हरला चार मैलांवर हॅलिफॅक्समध्ये दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. उन्हाळ्यापासून खालच्या कवळीचं काहीतरी चाललं होतं.

इम्तियाझ आला, बूट काढले, बॉयलरचं झाकण उघडलं. मी मागे उभी.

"आँटी, बॉयलर एकदम ठणठणीत आहे."

"मला माहिती होतं तू हेच म्हणणार. आता सांग की म्हातारीचं डोकं फिरलंय."

"असं कुठे म्हणालो मी?"

"नाही, म्हण की. सगळे म्हणतायत."

चहा झाला. मी आल्याच्या केकचे दोन तुकडे कापले. तो खाताखाता एकदम थांबला आणि त्याने पाठीमागच्या रेडिएटरला हात लावला. "हा आत्ता गरम होता."

मला त्या पोराचा मुका घ्यावासा वाटला. "बघ, लाव हात, सगळ्यांना लाव."

तो हॉलमध्ये गेला, त्या काळ्या काचेसमोर वाकून उभा राहिला. काचेवर एका कोपऱ्यात बारीकसं घराचं चित्र होतं. मी ते रोज पुसत होते, पण ते काय सांगतंय ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

"आँटी, ह्याला वाटतंय घरात कोणी नाही."

"मी आहे की."

"तुम्ही आहात. पण ह्याला तुम्ही माहीतच नाही. ह्याला फक्त अंकलचा फोन कळतो. फोन लांब गेला की हा समजतो घर रिकामं झालं, आणि बंद होतो. फोन परत यायला निघाला की हा आधीच घर तापवायला घेतो. अंकल येईपर्यंत सगळं गरम."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे इतके दिवस मी कोट घालून, ओव्हनला चिकटून बसत होते ते काही भ्रमिष्ट झाल्यामुळे नव्हे. घर ट्रेव्हरच्या खिशात होतं, आणि त्याच्याबरोबर बाहेर जात होतं. सदतीस वर्षं ज्या घराच्या फरशा पुसल्या त्या घराच्या लेखी मी नव्हतेच, ह्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण माझं डोकं शाबूत होतं. त्या आनंदात मी इम्तियाझला तिसरा तुकडा दिला.

"मी आत्ताच बदलून देतो," तो म्हणाला. "हीदरने लांबचं अंतर ठेवायला सांगितलं होतं मुद्दाम. दोन मैल. म्हणजे अंकल दुकानापर्यंत गेले तरी तुम्हाला त्रास नको."

"दोन मैल?"

"हो."

"बँडची खोली दोनशे पावलांवर आहे."

इम्तियाझ केक चावत होता, तो चावायचा थांबला. त्याचा भाऊ त्याच खोलीच्या मागे गॅरेज चालवतो, त्याला ती खोली चांगली माहिती. तो खाली बघत म्हणाला, "फोनचं काय आँटी, कधीकधी चुकीचं पण दाखवतो."

"दर रविवारी आणि दर मंगळवारी? त्याच वेळेला?"

"आज राहू द्या, नंतर बदलू," तो म्हणाला, आणि बूट घालून गेला. जाताना जमीन पुसायची विसरला.

तर आता माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. शनिवारभर मी ट्रेव्हरकडे बघत होते. बाई असेल म्हणावं तर माणूस पंचाहत्तरचा, गुडघे वाजतात, खालची कवळी बसत नाही. कोण घेणार पदरात? मी स्वतःशी हसलेसुद्धा. मग आठवलं, नोव्हेंबरातल्या शहीद दिनाच्या संचलनाला मी त्याचा बँडचा मरून रंगाचा कोट इस्त्री करून, सोनेरी गोंडे ब्रशने झाडून ठेवला होता, आणि आयत्या वेळी त्याची पाठ धरली. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बँड त्याच्याशिवाय गेला. म्हणजे आजार. कसलातरी मोठा आजार, आणि तो हॉस्पिटलात जातोय, आणि मला सांगत नाहीये. रविवारी कुठलं हॉस्पिटल उघडं असतं, हा विचार मला रात्रभर सुचला नाही. डोकं शाबूत असून काय उपयोग.

सकाळी तो वाद्याची केस घेऊन निघाला. "येतो गं."

"कुठे चाललास?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? तालमीला. नाताळची गाणी बसवायचीयत."

तोंडावर खोटं बोलला. आमच्या लग्नात आम्ही भांडलोय पुष्कळ, एकदा तर मी त्याच्या अंगावर ग्रेव्हीचं भांडं फेकलंय, पण असं खोटं मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. गाडीचा आवाज गेला. मी कोट घातला आणि दोनशे पावलं चालत खाली गेले.

आत बँड वाजत होता. दारातून दिसलं. ट्रेव्हरच्या खुर्चीत एक तिशीची बाई युफोनियम घेऊन बसली होती, आणि छान वाजवत होती. ट्रॉम्बोनवाल्या कीथने मला बघितलं आणि मान खाली घातली. चहाच्या मोठ्या भांड्यापाशी त्याची बायको पॉलीन उभी होती. माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या हातातला कप तसाच राहिला.

"सांगितलं ना त्याने तुला?" ती म्हणाली.

"काय सांगितलं?"

"अगं बाई," पॉलीन म्हणाली आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली.

सप्टेंबरमध्ये स्पर्धेसाठी सगळ्यांना एकेकट्याने वाजवायला लावलं होतं. फुंकायला तर कुणालाही येतं, पण ही वाद्यं वाजतात ओठांवर. नव्या कवळीने म्हणा, वयाने म्हणा, ट्रेव्हरच्या ओठांची पकड गेली. बँडमास्तर त्याला म्हणाला, जरा विश्रांती घ्या, नव्या वर्षी बघू. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. ट्रेव्हरने सगळ्यांना विनवलं, ऑड्रीला मी सांगतो, तुम्ही कोणी बोलू नका. आणि सप्टेंबरपासून अख्खं गाव मिठाची गुळणी धरून बसलं होतं. खाटकाच्या दुकानात, चॅपलच्या बाकावर, माझ्या शेजारी.

"मग तो जातो कुठे?"

"वरच्या धरणावर. कुत्र्याला फिरवताना कीथला दिसला होता."

पॉलीनने मला गाडीत घातलं. वाटेत ती एकदा म्हणाली, "रागावू नकोस त्याच्यावर." मी म्हटलं, "तुझ्यावर रागावून झालं की मग त्याच्याकडे बघते." तिने गाडी वरच्या रस्त्याला घातली.

माळावर वारा होता, पाणी शिशासारखं काळं. आमची निळी गाडी भिंतीला लावून उभी होती. तो ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर बसला होता, दार उघडं टाकून, गुडघ्यांवर घोंगडी, मांडीवर युफोनियम. पॉलीनला मी जायला सांगितलं, आणि जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुला कसं कळलं?"

"तू दोन मैलांच्या पलीकडे गेलास की घर बंद पडतं. तुझ्या फोनमुळे. महिनाभर मी गारठतेय, ट्रेव्हर."

त्याला ते समजायला वेळ लागला. ओठ हलवत मनात जुळवत होता. फोन, घर, रविवार, लोणी. मग त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे तू खरंच गारठत होतीस."

"मग काय सांगत होते तुला?"

"आणि मी हीदरला सांगितलं की तुझं..." तो थांबला. "मला वाटलं, आता तुझंही सुरू झालं. तुझ्या आईसारखं. अशात माझं कुठे सांगत बसू."

"मला पण तेच वाटत होतं. तू मला एकटीला तसं वाटू दिलंस." माझा आवाज चढला होता आणि तो मी चढू दिला. "सगळ्या गावाला माहिती, मलाच नाही. कोट इस्त्री केला मी तुझा. त्या गोंड्यांना ब्रश मारत बसले."

"तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं," तो म्हणाला.

वारा दारातून आत येत होता. तो घोंगडीचं टोक माझ्या गुडघ्यांवर ओढायला लागला आणि मी ओढू दिलं.

"मी दर खेपेला इथे सराव करतोय, ऑड. नाताळपर्यंत येईल परत. बँडमास्तर चाळीस वर्षांनी लहान आहे माझ्यापेक्षा, त्याला काय कळतं. तू ऐक. तुला माझं वाजवणं माहिती आहे. खरं सांग."

त्याने वाद्य उचललं. आमच्या खोऱ्यात दर नाताळात गल्लोगल्ली वाजतं ते गाणं घेतलं. खालचे सूर भरीव आले, आणि माझ्या जिवात जीव आला. मग गाणं वर चढलं आणि सूर लागायच्या आधीच फाटला. तो थांबला, ओठ चाटले, परत घेतलं. परत फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. त्याने वाद्य मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. हा माणूस तरुण होता तेव्हा त्याचं हे गाणं ऐकून मी बर्फात उभी राहिले होते. एक 'येईल रे' म्हटलं असतं तर तो खूश होऊन घरी आला असता, आणि पुढच्या मंगळवारी परत इथे येऊन बसला असता.

"गेलंय, ट्रेव्हर," मी म्हटलं. "परत नाही येणार."

तो समोर पाण्याकडे बघत बसला. मी त्याचा हात धरला, तो बर्फासारखा झाला होता. मला वाटलं आता हा मला आयुष्यभर माफ करणार नाही.

"विश्रांती घ्या म्हणाले मला," तो शेवटी म्हणाला. "सगळे. कीथसुद्धा. तूच एकटी बोललीस."

"मग कोण बोलणार?"

त्याने फडक्याने वाद्याचं तोंड पुसलं, नीट, नेहमीसारखं, आणि केसमध्ये ठेवलं. झाकण लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"ऑड, तुझं डोकं जाईल ना, कधी गेलं तर," तो म्हणाला, "मी बागेत जाऊन कुणाला फोन करणार नाही. तुलाच सांगेन. आधी तुला."

"सांग," मी म्हटलं. "आणि मी ऐकलं नाही, भांडले, तरी परत सांग."